इमारत-दुरुस्तीचा पैसा कसा सांभाळावा : होतकरू खजिनदारांसाठी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत खजिनदार निवडला जात नाही, सापडतो. तो सभेला वेळेवर आलेला असतो एवढाच त्याचा गुन्हा. अशा नवख्या, निरपराध माणसाच्या हाती इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च आला, तर त्याने काय करावे, याचे शास्त्रशुद्ध विवेचन पुढीलप्रमाणे.

नियम पहिला : मोठ्या रकमेला भिऊ नये, लहान रकमेला भ्यावे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. गणसंख्या भरत नाही, म्हणून अर्धा तास तहकूब होते आणि तीच माणसे त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसली की कायदेशीर होते. या सभेत साठ लाखांच्या दुरुस्तीला भराभर हात वर होतात, कारण साठ लाख एकत्र कुणी पाहिलेलेच नसतात. बटाटेवडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यामुळे अल्पोपाहाराचे बिल निघाले की सभेत अर्थशास्त्री उभे राहू लागतात.

नियम दुसरा : शिल्लक निधीवर विसंबू नये. उपविधींनुसार दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करायचा. यातला बांधकाम खर्च म्हणजे इमारत उभी राहिली तेव्हाचा, आणि दुरुस्तीचा दर आजचा. तेव्हा वर्गणी काढावीच लागते. मग तळमजला सांगतो, गच्ची गळते त्याच्याशी आमचा संबंध नाही. वरचा मजला सांगतो, पाया आम्ही वापरत नाही. दोघांचेही म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे आणि दोघांनाही बिल पाठवावे.

नियम तिसरा : निविदा तीन मागवाव्यात. तिन्हींत ‘वॉटरप्रूपिंग’ असेच छापले असेल, तर तिन्ही एकाच संगणकावरून निघाल्या आहेत असे समजावे.

सर्वांत कमी रकमेच्या निविदेवर सही करण्याआधी बेरीज झाकून ठेवावी आणि बाबवार दर वाचावेत. अनुभवी ठेकेदार रंगाचा दर पाडतो आणि गिलाव्याचा चढवतो. भिंत तेवढीच राहणार, म्हणजे रंग वाढणार नाही. गिलावा वाढणार, हे त्याला ठाऊक असते. कारण पोकळ गिलावा हातोडीने ठोकून, आवाजावरून ओळखतात, आणि पाचव्या मजल्याची बाहेरची भिंत परांची बांधल्याशिवाय हाताला लागत नाही. तोवरचे परिमाण म्हणजे खालून मान वर करून केलेला अंदाज. म्हणून मंजुरी घेतानाच दहा-पंधरा टक्के वाढीव खर्च धरावा. जीएसटी दरात धरला आहे की वर लागणार, हे लेखी घ्यावे. तो अठरा टक्के असतो; विसरण्याजोगा आकडा नव्हे.

सल्लागाराची फी एकूण बिलाच्या टक्क्यांत ठरवली, तर बिल वाढल्याचे दुःख त्याला होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ठोक रक्कम ठरवावी.

नियम चौथा : परांची उतरण्याआधी मोजमाप. एकदा बांबू गेले की दक्षिणेकडच्या भिंतीवर किती चौरस फूट गिलावा झाला हे फक्त कबुतरांना माहीत. प्रत्येक चालू बिलाआधी ठेकेदार, सल्लागार आणि संस्था अशा तिघांच्या सह्या मोजमाप-वहीत हव्यात. आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेले. परांचीवर चढता येत नाही म्हणून ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून दुर्बिणीने गिलावा पाहत. वॉचमनच्या चहाच्या वीस रुपयांवरून त्यांनी जो छळ मांडला, तो मी विसरणार नाही. पण सिमेंटची गोणी उतरली की तिची नोंद त्यांच्या वहीत व्हायचीच, आणि रिकाम्या गोण्याही ते मोजत. त्या वहीमुळे एक बिल परत गेले आणि दुरुस्त होऊन आले. त्याबद्दल सभेत कुणी ब्र काढला नाही. वडे थंड होते, त्यावर मात्र तिघे बोलले.

नियम पाचवा : टीडीएस. ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २. कापावा आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरावा. ‘साहेब, आपल्यात कशाला,’ असे तो म्हणेल. आपल्यात म्हणूनच.

नियम सहावा : रंगाची छटा निवडण्याच्या समितीवर थकबाकीदार घेऊ नयेत. म्हणजे समितीच होणार नाही.

नियम सातवा : प्रत्येक बिलातून पाच ते दहा टक्के राखून ठेवावेत आणि हे करारातच लिहावे. काम संपल्यावर ठेकेदार फार गोड होतो. मार्चमध्ये त्याचा फोन येतो, कारागिरांची देणी थकलेली असतात, भिंती अगदी कोरड्या दिसत असतात. मार्चमध्ये कोणतीही भिंत कोरडीच दिसते. एक पूर्ण पावसाळा इमारतीवरून जाऊ द्यावा, गच्चीखालच्या घरांकडून ओल नसल्याचे लेखी घ्यावे, आणि मगच राखीव रक्कम सोडावी.

वाचकहो, हे सगळे तुमच्याही सोसायटीत कुणीतरी बिनपगारी करतो आहे. दुरुस्तीचा तुमचा दुसरा हप्ता राहिला असेल, तर आज भरून टाका.