आधी वर्गात बसा, मग लिंक पाठवा

जालन्याच्या मस्तगड भागातून सकाळी गुरुजी-बाई बदनापूर, अंबड, मंठ्याच्या रस्त्याला लागतात. शाळेचं कुलूप उघडायच्या आत शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर पहिला संदेश पडलेला असतो. ‘अत्यंत तात्काळ. सोबतची लिंक दुपारी 12 पर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंब झाल्यास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’ ही माहिती कशाला हवी, गेल्याच महिन्यात दिलेली परत का मागता, याबद्दल चकार शब्द नाही.

इकडे दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चाललेली. 52 वजा 27. बाईंनी दहाची एक जुडी सोडून काड्या मोकळ्या केल्या, पोरांचे डोळे त्या काड्यांवर. तेवढ्यात फोन थरथरतो. माहिती न भरलेल्या शाळांची यादी आलीय, आपल्या शाळेपुढे लाल खूण. बाई व्हरांड्यात जातात, रेंज शोधतात, पट भरतात, फोटो चढवतात. परत येईपर्यंत काड्या पोरांच्या खिशात गेलेल्या. वजाबाकी उद्यावर.

साहेबांना वाटतं, दोन मिनिटांचं तर काम! लिंकला दोन मिनिटं लागतात, धाक मात्र दिवसभर पुरतो.

शिवाय धाकाने खरं कळणं बंद होतं, हे नुकसान सगळ्यात मोठं. चौथीतल्या पाच मुलांना जोडाक्षर वाचता येत नाही असं कळवलं की मदत येत नाही, खुलासा मागवला जातो. मग कोण कळवेल? तक्त्यात सगळी मुलं पुढे, फोटोत वाचनाचा उपक्रम जोरात, आणि ती पाच पोरं तशीच पाचवीत. शिक्षक खोटारडा म्हणून असं होत नाही. खरं बोलण्याची जागाच वरच्यांनी ठेवलेली नाही.

ती जागा एकेकाळी मुद्दाम तयार केली होती. 1994 मध्ये राज्याने केंद्रशाळांची योजना आणली, 4,860 केंद्रप्रमुखांची पदं काढली. साधारण दहा शाळांमागे एक माणूस. त्याने वर्गात बसायचं, पाठ बघायचा, अडलेल्या शिक्षकाला हात द्यायचा. आज त्यातली कितीतरी पदं रिकामी, एकाच्या गळ्यात दोन-दोन केंद्रं. जे आहेत त्यांचा जीव वरची मागणी खाली आणि खालची माहिती वर ढकलण्यातच जातो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिकवण्यावर बोलायचं, तर तिथेही परिपत्रकांचं वाचन. तरीही एखादे केंद्रप्रमुख शेवटच्या बाकावर तासभर टेकतात आणि जाताना विचारतात, ‘बाई, कुठं अडतंय?’ त्या एका प्रश्नावर शिक्षक महिनाभर जीव तोडून शिकवतो. खुलासे मागवून हे होणार नाही.

कायद्याची भाषा तर साफ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास शिकवण्याचे आणि त्याच्या तयारीचे धरलेत. कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगर-शैक्षणिक काम द्यायला मनाई केली. 23 ऑगस्ट 2024 ला राज्यानेही शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारी करणारा निर्णय काढला. पण लिंक ‘शैक्षणिक’च्या नावाखाली येते, म्हणून ती अशैक्षणिक कामात मोजली जात नाही.

जालना जिल्हा परिषदेला हे थांबवायला मुंबईहून परवानगी लागत नाही. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ग्रुपवर माहिती मागायची नाही. शाळांच्या माहितीच्या ‘यूडायस’ या सरकारी पोर्टलवर भरलेलं पुन्हा विचारायचं नाही. लाल यादी ग्रुपवर टाकायची नाही, उशीर झाला तर त्या मुख्याध्यापकांना फोन करायचा. आणि भोकरदनपासून परतूरपर्यंत, आठही तालुक्यांतल्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना महिन्याच्या आढावा बैठकीत एवढंच विचारायचं : किती वर्गांत बसलात आणि कोणत्या शिक्षकाची कोणती अडचण सोडवलीत?