विरघळणाऱ्या बाईंस, जांबोटीहून

सौ. फिल्मबाई यांस,


आपण मशीनवर भरतकाम करताना कापडावर अंथरायची पातळ फिल्म; पाण्याचा थेंब लागला की विरघळता. आणि राहायला आलात कुठे, तर मलप्रभेच्या उगमाकडच्या मुलखात, तेही आषाढात! आपल्या धाडसाला जांबोटीकरांचा दंडवत. कणकुंबीकडून निघालेला ढग आमच्या दुकानात डोकावल्याशिवाय पुढे जात नाही. काडेपेटी पेट घेत नाही, भिंतीला बुरशी. परवा गुंडाळी उघडली, तर आपण स्वतःलाच घट्ट मिठी मारून बसलेल्या. सोडवायला गेले, तर बोटांना चिकटलात. उन्हाळ्यात मात्र हात लावला की कडाकड तुटत होतात. शेवटी पापडांना डब्यातून बाहेर काढलं आणि आपल्याला आत ठेवून झाकण घट्ट लावलं. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

आपल्यावाचून अडतं, हे कबूल. मे महिन्यात एका रुखवताच्या टर्किश टॉवेलवर ‘शुभमंगल’ काढलं. आपल्याला वर अंथरायचं राहिलं. टाके लवेत रुतले, अनुस्वार पार बुडाला आणि नवरदेवानं ‘शुभमगल’ला तोंड पुसलं. त्याच घाण्यात एक कानडी नाव होतं, त्याच्या अक्षरांवरचे तलकट्टू गेले. दोन्ही भाषांना इतकं समान वागवणारा टॉवेल सीमाभागात दुसरा झाला नसेल.

आपण वर असलात की लव दबून राहते आणि धागा वर तरंगतो. मखमलीच्या झुलीवर, घोंगडीवर, शाळेच्या स्वेटरवर आपला हा उपकार मोठाच. पण म्हणून सगळं श्रेय घेऊ नका. स्वेटर ताणतो, त्याला खालून बॅकिंग लागतंच. आपल्या एकटीच्या भरवशावर काढलेला बिल्ला सुरकुतून वाळक्या आवळ्यासारखा होतो. साध्या पॉपलिनवर अगदी बारीक अक्षरं सोडली, तर आपलं काही काम नाही. तिथंही मिरवायला येता, ते आमच्या पैशानं!

रेशमी पदर ही तर वेगळीच डोकेदुखी. टॉवेल बुडवला की आपण गेलात. रेशमाला मात्र पाण्याचा डाग पडतो. मग आपल्याला हळूच फाडायचं आणि अक्षरांच्या पोटात अडकलेले तुकडे चिमट्यानं टिपत बसायचं. घाईनं वरून इस्त्री फिरवली, तर आपण कापडाला जन्माच्या चिकटता. अर्धवट धुतलं, तर खळ दिल्यासारखं कडक. त्यातही आश्चर्य नाही म्हणा. गिरण्यांत सुताला जी खळ देतात, तिच्यात बऱ्याचदा आपले भाऊबंदच असतात. आपलं कागदोपत्री नाव पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, जन्म 1924, माहेर जर्मनी. नावातलं शेवटचं तेवढं वाचून आमच्या ह्यांनी एकदा मोठ्या आशेनं डबा उघडला होता.

आपल्या चिंध्यासुद्धा मी टाकत नाही. बरणीत पाणी घालून विरघळवते आणि लुळ्या कापडाला ब्रशनं लावून कडक करून घेते. एवढा मान इथं जावयालाही मिळत नाही.

आत्ता वीज आली आहे, मशीनवर टॉवेल चढला आहे. ‘चिरंजीव’चा अनुस्वार यायचाय. डब्यातून बाहेर या. दार लावून घेतलं आहे.

आपली,
जांबोटीची मशीनवाली

ता. क. पापड सादळले.