गॅस संपलाय, साहेब

आमचा फ्रिज १९० लिटरचा, एका दाराचा आणि वयाने १४ वर्षांचा. म्हणजे मुलगा असता तर नववीत असता, आणि उलट उत्तरं द्यायचं वय झालंच होतं. यंदा ऐन मे महिन्यात, पातेलंभर आमरस आत असताना त्याने असहकार पुकारला. रस कोमट, भाजीच्या ट्रेखाली तळं आणि आतला दिवा मात्र लख्ख. कामाच्या नावाने शून्य पण चेहरा उजळ, अशी माणसं मी ऑफिसात पुष्कळ पाहिली आहेत.

"माठाला कधी मेकॅनिक लागला नाही," आई म्हणाली. दार उघडं टाकून काय खावं याचं चिंतन करणाऱ्यांमुळेच हे झालं, असं बायकोचं निदान. ते तिने माझ्याकडे बघून केलं.

मेकॅनिकने चपला काढता काढताच सांगितलं, "गॅस संपलाय, साहेब."

आता फ्रिजचा गॅस म्हणजे काही स्वयंपाकाचा सिलिंडर नव्हे. तो बंद नळ्यांत गोल गोल फिरतो, वापरून संपत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. "मग गळतोय कुठे?" मी विचारलं. त्याने मोहरा वळवला. "वहिनी, कॉम्प्रेसरपण बघावा लागेल." उद्या फोन करतो म्हणून तो गेला आणि मी बाह्या सरसावल्या.

फ्रीझरमध्ये अमरनाथ अवतरला होता. मी सुरी उचलली तेवढ्यात शेजारचे काका ओरडले, "थांब!" त्यांनी एकदा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ टोकरला होता. 'फुस्स' असा आवाज आला आणि त्यांचा गॅस खरोखरच संपला. मी निमूटपणे सुरी ठेवली, थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबलं आणि खाली जुनी चादर अंथरली.

बर्फ वितळेपर्यंत दाराचं रबर तपासलं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. ती अडली पाहिजे. आमची लोण्यातून केस निघावा तशी निघाली. रबराच्या खाचेत १४ वर्षांचा चिकटा होता. कोमट साबणाच्या पाण्याने तो पुसल्यावर रबर मऊ पडलं आणि नोट अडू लागली.

मग फ्रिज पुढे ओढला. आतली उष्णता बाहेर टाकायची ती मागची जाळी भिंतीला नाक लावून, धुळीची गोधडी पांघरून उभी होती. मे महिन्यात! गोधडी झाडली, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं.

राहिलं तळं. आत मागच्या भिंतीला, तळाशी एक बारीक भोक असतं. वितळलेलं पाणी त्यातून मागे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत जातं आणि त्याच्याच उष्णतेने उडून जातं. त्या भोकात आईची विणायची सुई हलकेच फिरवली, तर कोथिंबिरीची एक काडी निघाली. काळी, लांबलचक. घरातल्या कोणीही तिला ओळख दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिकचा फोन. "गॅस भरायला कधी येऊ?"

आईने फोन घेतला. "गॅस नको भरूस. जेवायला ये, रस गार झालाय."

तो आला. तीन वाट्या रस खाल्ला आणि चपला घालता घालता म्हणाला, "कॉम्प्रेसर मात्र बघायला हवा, साहेब."