वकील एजंटाचा, पैसे आपले

नगरच्या सावेडीत, केडगावात किंवा बोल्हेगावात घर घ्यायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी किमतीची धास्ती असते. मला त्याहून जास्त त्रास होतो तो एजंटाच्या एका वाक्याचा : ‘‘वकिलाचं टेन्शन घेऊ नका, आपला माणूस आहे.’’ हा आपला माणूस नेमका कुणाचा, हे कुणीच विचारत नाही. एजंट घेणाऱ्याकडून टक्का घेतो, विकणाऱ्याकडूनही घेतो, आणि व्यवहार झाला तरच घेतो. कागदात खोट निघाली तर त्याचं नुकसान आहे. ती खोट शोधायचं काम त्यानेच आणलेल्या वकिलाकडे द्यायचं, ही पद्धत मला मान्य नाही.

एजंट ‘टायटल क्लिअर आहे’ असं फोनवर दहा वेळा सांगतो. तेच लेखी मागितलं, की आपण व्यवहारात खोडा घालणारे ठरतो. ‘एनए आहे, फक्त ऑर्डर हातात यायचीय’ हेही नेहमीचं. ऑर्डर यायची असेल तर ती बघूनच पुढे जायचं, एवढं सरळ आहे. ‘बहिणी सह्या करतील, घरचंच आहे’ हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, फेरफारात त्यांची नावं कधी लागली आणि कशावरून कमी झाली, इतर हक्कांत बोजा आहे का, हे वकिलाने आपण न विचारता बघायला हवं. नुसता सात-बारा चाळून ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्याला फी कशाची द्यायची?

महारेराकडे एजंटाची नोंदणी असते, नोंदणी क्रमांक ‘ए’ने सुरू होतो आणि संकेतस्थळावर तपासता येतो. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. हे चांगलं झालं. पण कायद्याने ही नोंदणी लागते ती महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. जुन्या इमारतीतला फ्लॅट, आठ घरांची छोटी स्कीम यांत एजंट कोण आहे हे विचारणारं कुणी नाही, आणि नगरसारख्या शहरात माणूस घर शोधतो ते बहुधा तिथेच. म्हणून अजूनही अकराशे फूट सांगितलेलं घर टेप लावल्यावर साडेसातशे कार्पेट भरतं, आणि उत्तर मिळतं, ‘‘सगळीकडे असंच धरतात.’’ धरत असतील. दर मात्र कार्पेटवर सांगा, एवढंच मागणं आहे.

दस्त करून देणाऱ्यांबद्दलही माझी तक्रार आहे. घर बाईच्या नावावर घेतलं तर 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घरावर हे 50,000 रुपये होतात. एवढी मोठी गोष्ट खरेदीखताचा मसुदा करायला बसताना सांगायची, की शुल्क भरून झाल्यावर कुणीतरी सहज बोलून जायची? नोंदणी झाली म्हणजे मालकी तपासून झाली, हा समजही कुणी दूर करत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरा मालक आहे याची हमी तो देत नाही.

विकणाऱ्याची दशाही वेगळी नाही. पुण्याला मुलाकडे जायचं म्हणून निवृत्त शिक्षक घर काढतात. त्यांना एक आकडा सांगितला जातो, गिऱ्हाइकाला दुसरा, आणि दोघांची भेट इसार पावतीपर्यंत टाळली जाते. एजंट निवडताना मी एकच अट घालायला सांगतो : टक्का किती, कुणाकडून आणि कधी, हे आधी कागदावर लिहून द्या.

आणि बँक. कर्ज घेताना पॅनेलवरच्या वकिलाच्या सर्चचे पैसे आपल्याकडून घेतात. मागच्या तीस वर्षांचे व्यवहार बघून तो जो अहवाल लिहितो, तो बँकेच्या फायलीत जातो. प्रत मागितली तर ‘तो अंतर्गत असतो’. त्या वकिलाचं अशील बँक आहे, हे मला कळतं. म्हणूनच घेणाऱ्याने आपला वकील वेगळा करावा, त्याच्या फीला कुरकुरू नये. पण ज्याच्या घराचा अहवाल आणि ज्याचे पैसे, त्याला त्या अहवालाची एक प्रत बँकेने कर्जमंजुरीच्या पत्रासोबत द्यायलाच हवी.