शंभर शब्द आणि एक बांध

शंभर शब्दांत कथा लिहा, अशी स्पर्धा जाहीर झाली की इंदापूर तालुक्यातल्या माणसाची पंचाईत होते. आमच्या वरकुट्यात शंभर शब्द 'काय, कसं काय' यातच खर्ची पडतात. बांधावरून भांडण झालं, एवढंच सांगायचं असलं तरी सांगणारा आज्याच्या वाटणीपासून सुरू करतो. मधे कुणाच्या तरी म्हशीचं आजारपण येतं आणि मूळ भांडणापर्यंत पोचेस्तोवर चहाची दुसरी फेरी होते.

स्पर्धेला एवढा दम नसतो. अलक म्हणा, शतशब्दकथा म्हणा, शेवटच्या ओळीत धक्का हवाच. त्यामुळे या कथांतल्या माणसांचं आयुर्मान फार कमी. नायक इतका वेळ जिच्याशी बोलत होता ती आई शेवटी तसबिरीत निघते, नाहीतर वृद्धाश्रमात. परीक्षकांना एका बैठकीत किती सुतकं पाळावी लागत असतील! शब्दमोजणीत मात्र मराठी आपल्याला सांभाळून घेते. 'घरासमोरच्यांनीसुद्धा' हा कायदेशीर एकच शब्द.

थोडक्यात सांगणं आपल्याला नवं नाही. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकातच एकत्र केले. हत्ती चाचपणारे आंधळे त्यातलेच. मंटोने 'सियाह हाशिये'त (१९४८) फाळणी दोन-चार ओळींत मांडली. तिथेही माणसं मरतात, पण बक्षिसासाठी नव्हे.

कथेचा बराचसा भाग हिमनगासारखा पाण्याखाली असावा, असं हेमिंग्वे म्हणे. हिमनग आम्ही कुठून आणणार? आमच्याकडे पळसदेव आहे. उजनीचं पाणी उतरू लागलं की जुन्या देवळाचं आधी शिखर दिसतं. तेवढ्यावरून बुडालेलं गाव कळायला हवं.

ही कला खरी साधली ती तलाठ्याला. फेरफाराची नोंद वाचून पाहा: वडील मयत, वारस लागले, बहिणीने हक्क सोडला, नाव कमी केले. एक विशेषण नाही. पुढच्या राखीपौर्णिमेला ती बहीण माहेरी आली का, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

तोच धडा घेऊन मी दोन भावांच्या बांधाची कथा रचली. धक्का काढून टाकला, कुणालाही मारलं नाही आणि आबांना वाचून दाखवली.

"मग बांध कुणाकडं गेला?"

"ते वाचकानं ठरवायचं, आबा."

"वाचक काय मोजणीला येनार हाय व्हय?"