ऑनरोड काका

आमच्या सोसायटीत कुणी नवी गाडी घ्यायचं ठरवलं की ती बातमी बँकेच्या आधी ऑनरोड काकांना लागते. त्यांचं खरं आडनाव मेंटेनन्सच्या पावतीखाली, खजिनदाराच्या सहीत तेवढं वाचायला मिळतं. एरवी लहानथोर सगळे ऑनरोड काकाच म्हणतात. त्यांना शोरूमची किंमत सांगून चालत नाही. "नऊ नव्व्याण्णव? ती काचेच्या आत. गेटबाहेर काढायचे किती, ते बोल."

पुण्यात दर दोन इमारतींमागे असे एक काका निघतात. निवृत्त, बहुधा बँकेतून. खिशात दोन पेनं, हातात कुणीतरी फुकट दिलेली डायरी. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे त्यांना माहीत असतं, पण आकडा हाताने मांडल्याशिवाय समोरच्याला घाम फुटत नाही हेही माहीत असतं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला घेऊन ते शोरूमला निघाले आणि मला साक्षीदार म्हणून मागे बसवलं. सेल्सच्या पोराने कॉफी आणली, पाठोपाठ टॅब आणला. काकांनी कॉफी घेतली, टॅब परत केला. "कागदावर दे. खाली शिक्का."

कोटेशन आलं. छोटी पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम 9,99,000. काकांनी डायरी उघडली. "ह्यात 18 टक्के जीएसटी आत धरलाय. म्हणजे 1,52,390 इथेच गेले. आता आरटीओ. पेट्रोलला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, म्हणजे 1,09,890. पण कशावर? जीएसटीसकट किमतीवर! म्हणजे भरलेल्या जीएसटीवर परत 11 टक्के. 16,763 रुपये. कराचा कर!" हे शेवटचे दोन शब्द काका नातवाचा पहिला नंबर सांगावा तशा चेहऱ्याने उच्चारतात.

एवढ्यात बायकोने नवऱ्याकडे बघत हळूच विचारलं, लाल गाडी आणि वर काळं छत, ती दोन रंगांची घेतली तर? फक्त सहा हजारच जास्त आहेत.

काकांनी पेन खाली ठेवलं.

"फक्त सहा हजार? मग गाडी झाली 10,05,000. दहाची रेघ ओलांडली की 12 टक्के. वरच्या पाच हजारांवर नव्हे, अख्ख्या रकमेवर. 1,20,600. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस, तोही अख्ख्यावर, 10,050." डायरी फिरवून त्यांनी बेरीज दाखवली. "काळं छत 26,760 ला पडलं." नवरा म्हणाला, टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो. "होतो ना. तोवर तुझे दहा हजार सरकारकडे बिनव्याजी." गाडी लालच्या लाल राहिली. बायको त्यानंतर परतीच्या वाटेवर काकांशी एक अक्षर बोलली नाही.

काकांचा शब्द मोडल्याचं एक उदाहरण आमच्याकडे आहे. 2025 च्या पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली तेव्हा काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना बजावलं होतं, दिवाळीपर्यंत थांब. त्या गृहस्थांनी गणपतीच्या मुहूर्तावर गाडी आणलीच. 22 सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, छोट्या पेट्रोल गाडीचा 29 टक्क्यांचा बोजा 18 वर आला. तेव्हापासून काका लिफ्टमध्ये असले की ते गृहस्थ जिन्याने जातात.

शोरूममधली गंमत पुढेच आहे. जीएसटी आणि रोड टॅक्स मिळून 2,62,280 रुपये काकांनी एका दमात मंजूर केले. चरफडले, पण मंजूर केले. दोन लाख बासष्ट हजारांशी भांडणार कसं? सरकार काही टाय लावून समोर कॉफी देत उभं नसतं. खरी लढाई पेटली ती कोटेशनच्या तळाशी असलेल्या साडेआठ हजारांवर.

"हँडलिंग चार्जेस? कसलं हँडलिंग? खांद्यावरून आणलीस का गाडी?"

"सर, स्टॉकयार्डमधून इथपर्यंत..."

"तो तुझ्या मालकाचा खर्च."

"सर, ते सिस्टीममध्येच येतं."

"मग सिस्टीमला बोलव."

सिस्टीम आली. मॅनेजर होती, नम्र होती आणि तिला जेवायला जायचं होतं. हँडलिंगची ओळ खोडली गेली. मग विमा. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम, 2018 पासून सक्तीचा, तिथे काकांचा इलाज नव्हता. पण स्वतःच्या गाडीचा विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. काकांनी तिथूनच एका एजंटला फोन लावून स्पीकर चालू केला आणि आकड्यातला फरक सगळ्या शोरूमला ऐकवला. झिरो डेप ठेवलं, चावी हरवल्याचं कव्हर काढलं. "चावी हरवणारा माणूस गाडीच कशाला घेईल?" जाता जाता एक शेरा: आरोग्यविम्यावरचा जीएसटी काढला, गाडीच्या विम्यावरचा 18 टक्के ठेवला. बघा, जपायचं कोणाला ते.

टेफ्लॉन कोटिंग उडालं. 'एसेन्शियल किट' नावाखाली पायपुसणी, चिखलपट्ट्या आणि वासाची एक बाटली अकरा हजारांना लावली होती, ती फुकटात वळती झाली. नवऱ्याने चाचरत पसंतीच्या नंबरचा विषय काढला. काका म्हणाले, "0001 ला पुण्यात सहा लाख. त्यात माझ्यासाठी दुसरी गाडी येईल. आरटीओ देईल तो नंबर घे, बेरीज मी जमवतो."

डिलिव्हरीच्या दिवशी काका सकाळपासून फाटकात. गाडी आली. बायकोने कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले गेले. काकांनी पेढा खाल्ला, दार उघडून गाडी कोणत्या महिन्यात बनली तो स्टिकर तपासला, समाधानाने मान हलवली. मग काखेतलं पावतीपुस्तक बाहेर आलं.

"पार्किंग स्टिकर 500. दुचाकीची जागा चारचाकीची झाली, त्याचे महिना 600. आणि एकवेळचं प्रशासकीय शुल्क 1,500."

"काका, हे प्रशासकीय शुल्क कसलं?"

काकांनी दोन पानांमधला कार्बन सरळ केला. "ते आपल्या सिस्टीममध्येच येतं. सुटे आहेत ना?"