सर्टिफिकेट आलं, धडा कुठाय?

तालुक्याच्या आढावा बैठकीत प्रश्न एकच असतो: ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवरचं शिक्षकांचं प्रशिक्षण किती टक्के झालं? मागे राहिलेल्या शाळांची यादी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येते. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा मोबाइल टेबलावर व्हिडिओ चालवत पडलेला असतो आणि गुरुजी फळ्यावर भागाकार शिकवत असतात. व्हिडिओ संपतो, प्रश्नावली उघडते. उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत असतात. सर्टिफिकेट डाउनलोड होतं. झालं प्रशिक्षण!

याचं खापर गुरुजींवर फोडणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. पोषण आहार, यू-डायस म्हणजे शाळेची सांख्यिकी, हजेरी अशी माहिती पोर्टलांवर भरता भरता ज्यांचा दिवस सरतो, त्यांना हे प्रशिक्षणही भरून टाकायचा आणखी एक रकाना वाटणारच. द्विशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलं. ते तास शाळेच्या वेळापत्रकात मात्र शोधून सापडत नाहीत.

त्याहून मोठी खोट प्रशिक्षणाच्या आशयात आहे. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच राहते. अ‍ॅप कसं उतरवायचं, त्रिकोण कसा काढायचा, हे अर्ध्या तासात शिकवून होतं. पण शिरोबिंदू ओढण्याआधी थांबून ‘आता बेरीज वाढेल की कमी होईल?’ असं वर्गाला विचारायचं, मुलांचे अंदाज फळ्यावर लिहायचे, मगच बोट फिरवायचं, हे कोण शिकवणार? गणित त्या थांबण्यात आहे. ते शिकवलं नाही तर हजारो रुपयांचा स्मार्ट टीव्ही म्हणजे वर्गातला सिनेमा.

हे शिकवायला शिक्षकच लागतो, हे केरळने वेळीच ओळखलं. 2001 मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या तिथल्या सरकारी प्रकल्पाने, म्हणजे आजच्या ‘काइट’ने, मास्टर ट्रेनर म्हणून शिक्षकच घेतले आणि शाळेतल्याच एका शिक्षकाला आयटी समन्वयक केलं. अडलं की विचारायला माणूस त्याच इमारतीत! आपल्याकडे अडलं की हेल्पलाइन.

आपले शिक्षक कमी पडतात असं म्हणण्याची सोय नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधी मुलांकडे पाहिलं. धडा त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून त्यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आधी मुलाची अडचण, मग यंत्र, हा क्रम होता. आपली प्रशिक्षणं तो उलटा लावतात: आधी यंत्र, मग त्याला साजेशी अडचण शोधा.

म्हणून मागणी साधी आहे. प्रशिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच आठवड्यात शिकवायच्या धड्यावर व्हावं. शिकवणारा त्याच केंद्रातला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातला, रोज वर्गावर उभा राहणारा शिक्षक असावा. त्याने मागच्या बाकावर बसून तास पाहावा, महिन्याभराने पुन्हा यावं. त्या दिवशी त्याचा स्वतःचा वर्ग सांभाळायला बदली शिक्षक द्यावा आणि पोर्टलांचं काम कारकुनाकडे जावं. याला पैसे लागतील. टीव्ही घ्यायला निघतात, तर माणसालाही निघाले पाहिजेत.

आणि पुढच्या आढावा बैठकीत टक्के विचारूच नका. केंद्रप्रमुखांना विचारा: या महिन्यात कुणाचा कोणता धडा बदलला आणि त्यामुळे कोणत्या मुलाला काय समजलं? ज्या प्रशिक्षणाकडे याचं उत्तर नाही, ते बंद करा.